रिलेसाठी क्लब कसा निवडायचा: अमेरिकेतल्या मास्टर्स जलतरणात नव्याने येणाऱ्यांसाठी

स्पर्धेच्या दिवशी दुपारी मिक्स्ड मेडली रिलेची (दोन पुरुष आणि दोन स्त्रिया, प्रत्येकाचा स्ट्रोक वेगळा) घोषणा होते. वर्षभर एकाच लेनमध्ये पुढे-मागे पोहलेले चौघं टेबलाशी जातात, कार्डावर नावं लिहितात. टेबलामागचा माणूस यादीवरून बोट फिरवतो आणि तिसऱ्या नावावर थांबतो: या नावापुढे वेगळ्या क्लबच्या संक्षिप्त नावाची अक्षरं आहेत. कोच एक, तलाव एक, टोप्यासुद्धा सारख्या, तरी हे चौघं एका रिलेत उतरू शकत नाहीत. त्या क्षणी कोचही काही करू शकत नाही आणि रेफरीही. कारण चूक त्या दिवशीची नसते. काही महिन्यांपूर्वी नोंदणीचा फॉर्म भरताना एका ओळीत ती होऊन गेलेली असते.

हा लेख त्या ओळीविषयी आहे. अमेरिकेत राहणाऱ्या, लहानपणी गावात किंवा शहरातल्या तलावावर पोहायला शिकलेल्या आणि आता तिशी-पन्नाशीत पुन्हा स्पर्धेत उतरू पाहणाऱ्या मराठी माणसाला पोहण्याचं तंत्र शिकवणारे पुष्कळ भेटतात. क्लबची नोंद, वयोगटांचं गणित आणि रिलेचे नियम मात्र कुणी समोर बसवून सांगत नाही.

आधी थोडी ओळख. ‘मास्टर्स’ म्हणजे निष्णात नव्हे. यू.एस. मास्टर्स स्विमिंग, म्हणजे यूएसएमएस, ही 18 वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांसाठीची संघटना आहे. या स्पर्धांची सुरुवात 1970 साली टेक्सासमधल्या अमारिलो इथे झाली. नौदलातले डॉक्टर रॅन्सम आर्थर यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. प्रौढांनी तब्येत राखावी म्हणून त्यांच्यापुढे स्पर्धेचं उद्दिष्ट ठेवायचं, ही त्यांची कल्पना. स्थानिक स्पर्धेत उतरायला पात्रता-वेळ लागत नाही. 50 यार्डांना एक मिनिट लागणाराही तिथे असतो आणि ऑलिंपिकला जाऊन आलेलाही.

पहिली पायरी: नावांची उतरंड नीट समजून घ्या

महाराष्ट्रात शाळेकडून, मग जिल्ह्याकडून, मग राज्याकडून पोहलेल्याला एक सवय असते: आपण राहतो तिथले आपण. इथे तसं नाही. इथे चार थर आहेत. सगळ्यात वर यूएसएमएस. त्याखाली प्रदेशवार स्थानिक समित्या. त्यांना एलएमएससी म्हणतात आणि नोंदणीचं दप्तर तिथला रजिस्ट्रार सांभाळतो. समितीखाली क्लब. आणि बऱ्याच क्लबांच्या पोटात ‘वर्कआउट ग्रुप’, म्हणजे अमुक तलावावर अमुक वेळी पोहणारा सरावाचा गट.

घोटाळा शेवटच्या दोन थरांत होतो. तुम्ही ज्या गटात पहाटे पाचला पोहता त्याचं नाव टी-शर्टवर असतं, बॅनरवर असतं, म्हणून तोच क्लब असं वाटतं. पण रिले क्लबची असते, गटाची नव्हे. ऑरेगन मास्टर्स किंवा न्यू इंग्लंड मास्टर्ससारख्या मोठ्या प्रादेशिक क्लबांच्या छत्राखाली ठिकठिकाणचे गट पोहतात. अशा क्लबात दोनशे मैलांवरच्या गावातली व्यक्ती तुमच्या रिलेत चालते. उलट, तुमच्याच तलावावर शेजारच्या लेनमध्ये पोहणारी व्यक्ती दुसऱ्या क्लबात नोंदलेली असेल तर ती चालत नाही.

मुलं ज्या क्लबात पोहतात त्याच क्लबात आपणही आपोआप आलो, असंही बरेच पालक धरून चालतात. मुलांची नोंदणी यूएसए स्विमिंगकडे असते, तुमची यूएसएमएसकडे. नाव एकच असलं तरी दोन दप्तरं वेगळी. प्रौढांचा गट कोणत्या क्लबाखाली नोंदला आहे ते कोचला विचारा, आणि क्लबची अक्षरं कागदावर लिहून घ्या.

दुसरी पायरी: फॉर्म भरताना तीन गोष्टी दोनदा वाचा

क्लब ही पहिली. फॉर्मवर क्लबांची यादी उघडते. मिळतीजुळती नावं खूप असतात. तीत ‘अनअटॅच्ड’, म्हणजे कोणत्याही क्लबाशिवाय, असाही पर्याय असतो. अनअटॅच्ड राहून वैयक्तिक शर्यती सगळ्या पोहता येतात, वेळा नोंदल्या जातात, पदकही मिळतं. मिळत नाही ती फक्त रिले. आणि अनअटॅच्ड असलेल्या चौघांनी मिळूनही रिले होत नाही. ही शंका दर मोसमात कुणीतरी विचारतंच.

दुसरी गोष्ट जन्मतारीख. आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकन फॉर्म महिना आधी वाचतो. 4 डिसेंबर 1981 ला जन्मलेल्याने 04/12/1981 लिहिलं, तर यंत्र ते 12 एप्रिल वाचतं. 2026 च्या एप्रिलअखेरीच्या, 25 यार्डांच्या तलावातल्या स्पर्धेत त्याचं खरं वय 44, कागदावरचं 45. चौघांत तो सर्वांत लहान असेल तर तेवढ्याने अख्खी रिले चुकीच्या वयोगटात उतरते, आणि हे उघड झालं की चौघांचाही निकाल जातो. तारखेचा दिवस 12 च्या पुढचा असेल तर फॉर्मच अडवतो. 1 ते 12 मध्ये जन्मलेल्यांनी विशेष जपावं.

तिसरी गोष्ट नाव. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, बँकेत ते नाही, स्पर्धेच्या फॉर्मवर नुसतं आद्याक्षर, आणि तलावावर सगळे भलत्याच लाडक्या नावाने हाक मारतात. निकाल नोंदणीच्या दप्तराशी नावाने जुळवले जातात. एक रूप ठरवा, स्पेलिंगसकट, आणि नोंदणी, प्रवेशिका, रिले-कार्ड या तिन्ही ठिकाणी तेच वापरा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर मोसम सुरू होण्याआधी रजिस्ट्रारला कळवा.

नोंदणीचं नूतनीकरणही याच पायरीत येतं. स्पर्धेच्या दिवशी चौघांपैकी एकाचं सभासदत्व संपलेलं असेल, तर उरलेल्या तिघांनी कितीही चांगलं पोहून उपयोग नाही. क्लबात एका जबाबदार माणसाने स्पर्धेआधी पंधरा दिवस सगळ्यांची नोंद तपासावी. पाच मिनिटांचं काम आहे.

तिसरी पायरी: क्लब निवडताना काय पाहायचं

नव्या माणसाला आमचा सल्ला असा: घाई नको. एखादा मोसम अनअटॅच्ड पोहा, दोन-तीन तलावांवर सराव करून पाहा, एक-दोन स्थानिक स्पर्धांना जा. तुम्ही कुणाचंच प्रतिनिधित्व केलेलं नसल्यामुळे नंतर क्लबात जाताना थांबावं लागत नाही. एकदा एखाद्या क्लबच्या नावाने स्पर्धेत उतरलात की मोजणी सुरू होते; ती पुढे येईलच.

मग हे प्रश्न विचारा. या क्लबातून तुमच्या वयाच्या आसपासचे किती जण स्पर्धांना खरोखर जातात? सभासद दोनशे असतील आणि स्पर्धेला येणारे नऊ, तर तुमच्या दृष्टीने तो नऊ जणांचा क्लब आहे. त्या नऊ जणांत पुरुष किती, स्त्रिया किती? मिक्स्ड रिलेला दोन आणि दोन लागतात. बॅकस्ट्रोक कोण पोहतं? प्रौढांच्या क्लबात फ्रीस्टाइलवाल्यांना तोटा नसतो, पण बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायवाल्यांचा दुष्काळ असतो. तुम्हाला बरा बॅकस्ट्रोक येत असेल तर कोणताही क्लब तुमची वाट पाहतोय असं समजा.

रिले कोण जुळवतं, हाही प्रश्न विचाराच. ज्या क्लबात हे काम एका ठरलेल्या माणसाकडे असतं तिथे रिले होतात. जिथे ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणतात तिथे बहुधा होत नाहीत.

क्लबची वर्गणी आणि तलावाची फी या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एका ठिकाणी सराव करून दुसऱ्या क्लबातून स्पर्धा पोहणं नियमाने चालतं. पण असं करणार असाल तर सरावाच्या कोचला पहिल्याच आठवड्यात सांगून टाका. तो तुमचं नाव रिलेत धरून बसलेला असतो.

चौथी पायरी: क्लब बदलायचा असेल तर दिवस मोजा

क्लब बदलता येतो. कुणी अडवू शकत नाही. अर्ज रजिस्ट्रारकडे जातो. अट एवढीच की जुन्या क्लबच्या नावाने शेवटचं जिथे उतरलात, त्या स्पर्धेनंतर ठरावीक दिवस तुम्ही अनअटॅच्ड राहायचं. यूएसएमएसच्या नियमपुस्तकात हा काळ वर्षानुवर्षं 60 दिवसांचा राहिलेला आहे. अर्ज करताना चालू वर्षाचं पुस्तक उघडून तो आकडा स्वतः वाचा.

मोजणी कशी होते ते पाहू. 15 फेब्रुवारीला तुम्ही जुन्या क्लबकडून शेवटची शर्यत पोहलात. 16 फेब्रुवारी हा पहिला दिवस. 28 तारखेपर्यंत 13 दिवस, मार्चचे 31 धरून 44, आणि 16 एप्रिलला 60 पुरे. 17 एप्रिलपासून नव्या क्लबची रिले पोहता येईल. यार्डांची राष्ट्रीय स्पर्धा साधारण एप्रिलच्या शेवटाला किंवा मेमध्ये असते. म्हणजे ती नव्या क्लबकडून पोहायची असेल, तर जुन्या क्लबच्या नावाने फेब्रुवारीच्या उत्तरार्धात उतरणं धोक्याचं आहे. मधल्या काळात एखादी स्पर्धा आलीच तर अनअटॅच्ड म्हणून उतरा, पण प्रवेशिकेवर तसं नोंदलंय ना हे आवर्जून पाहा. सवयीने जुन्या क्लबचं नाव तसंच राहिलं, की 60 दिवस पुन्हा पहिल्यापासून.

दोन गैरसमज फार पसरलेले आहेत. सरावाचे दिवस यात मोजले जात नाहीत. 60 दिवसांत तुम्ही नव्या क्लबबरोबर रोज पोहू शकता. आणि मोजणी अर्जाच्या तारखेपासून नसून शेवटच्या स्पर्धेपासून असते. वर्षभर स्पर्धाच पोहला नसाल तर थांबण्याचा काळ केव्हाच उलटून गेलेला आहे. अर्ज मात्र दप्तरी नोंदला जाईपर्यंत थांबावं लागतं, म्हणून तो स्पर्धेच्या आदल्या रात्री पाठवू नका.

ही अट शिक्षा म्हणून नाही. ती नसती, तर प्रत्येक मोठ्या स्पर्धेच्या आठवड्यात चार सगळ्यांत वेगवान माणसं कुठल्या तरी एका नावाखाली जमली असती आणि वर्षभर एकत्र घाम गाळणाऱ्या चौघांना कुणी विचारलं नसतं.

निष्ठेचा प्रश्न

नियम सांगतो ते वर झालं. आता जे नियमात नाही ते.

छोट्या गटात एका माणसाच्या जाण्याने काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. पंचेचाळिशीच्या पुढच्या चारच बायका स्पर्धेला जातात. त्यातली एक मोठ्या क्लबात गेली. उरल्या तिघी. त्या तिघींची रिले संपली. नुसती हळू झाली असं नाही, संपली. चौथी मिळेपर्यंत एक किंवा दोन वर्षं त्या फक्त वैयक्तिक शर्यती पोहणार. म्हणून क्लब बदलणाऱ्याने निर्णय सप्टेंबरात सांगावा, मार्चमध्ये नाही. सांगताना लांबण लावू नये: ‘पुढच्या मोसमात मी अमुक क्लबकडून पोहणार आहे. सराव इथेच करायची इच्छा आहे, चालेल ना? या मोसमातल्या ठरलेल्या रिले मी पुऱ्या करीन.’ एवढ्या तीन वाक्यांत बहुतेक नाती शाबूत राहतात. निकालपत्रकात नवी अक्षरं वाचून कोचला कळलं, तर राहत नाहीत.

हे उलट बाजूनेही लागू आहे. एखाद्याच्या गटात रिलेला माणसंच नाहीत आणि त्याला आयुष्यात एकदा रिले पोहायची आहे, तर त्याला अपराधी वाटायला लावणं हा कोचचा अन्याय आहे. यावर एक चांगला मार्ग आहे, तो फार कमी जणांना सुचतो: माणसाने गट सोडण्याऐवजी अख्ख्या गटाने प्रादेशिक क्लबात वर्कआउट ग्रुप म्हणून सामील व्हायचं. गटाचं नाव, तलाव, कोच सगळं राहतं आणि रिलेला माणसं मिळतात. यात थोडी किंमतही मोजावी लागते. राष्ट्रीय स्पर्धांमध्ये स्थानिक आणि प्रादेशिक क्लबांचे गुण वेगवेगळ्या विभागांत धरतात, त्यामुळे छोट्या क्लबाला स्वतःच्या नावाची ढाल मिळण्याची संधी जाते. ज्यांना ती ढाल प्यारी आहे त्यांनी स्वतंत्र राहावं. दोन्हींत काही गैर नाही. फक्त गटातल्या सगळ्यांना बसवून ठरवावं.

निव्वळ पदकासाठी क्लब बदलू नका, असं आम्ही स्पष्ट सांगू. पन्नाशीतल्या माणसाचा खांदा दुखावला, तर तीन महिने लेनच्या कडेला बसून त्याची चौकशी करणारे लोक सरावाच्या गटातलेच असतात.

पाचवी पायरी: वयोगटांचं गणित

इथे दोन पद्धती आहेत आणि दोन्ही एकाच वर्षात वापराव्या लागतात. अमेरिकेत 25 यार्डांच्या तलावाचा मोसम वेगळा, मीटरचा वेगळा. 25 यार्ड म्हणजे 22.86 मीटर. हिवाळा-वसंतात यार्डांच्या स्पर्धा, उन्हाळ्यात 50 मीटरच्या, आणि शरद ऋतूत 25 मीटरच्या.

यार्डांत रिलेचा गट सर्वांत लहान माणसाच्या वयावरून ठरतो: 18+, 25+, 35+, 45+ असे पुढे दहा-दहा वर्षांनी. 27, 46, 52 आणि 58 अशा चौघी असतील तर ती 25+ ची रिले. 58 वर्षांच्या बाईंना तिशीतल्या पोरींशी झुंजावं लागणार. 27 च्या जागी 45 ची मिळाली की हीच रिले 45+ मध्ये जाते.

मीटरमध्ये चौघांच्या वयांची बेरीज करतात: 72 ते 99, 100 ते 119, 120 ते 159, 160 ते 199, आणि मग चाळीस-चाळीसने वर. त्याच चौघींची बेरीज 183, म्हणजे 160 ते 199 चा गट. 27 वालीच्या जागी 61 ची आली तर 217, गट 200 ते 239. म्हणजे मीटरमध्ये तरुण माणूस अडचण नसतो, उलट उपयोगाचा असतो: तो वेग आणतो आणि मोठी माणसं बेरीज आणतात. बेरीज गटाच्या तळाशी असणं फायद्याचं. 161 ची रिले आपल्या गटातली तरणीताठी ठरते; 198 ची रिले त्याच गटात म्हातारी. 198 असेल तर एकजण बदलून 200 ला पोचता येतं का, ते आधी पाहा. सराईत क्लब हे वर्षाच्या सुरुवातीलाच कागदावर मांडून ठेवतात.

वय कोणत्या दिवशीचं धरायचं, हेही दोन्हींत वेगळं. यार्डांत स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी जे वय असेल ते. मीटरमध्ये त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला जे होईल ते. वाढदिवस नोव्हेंबरात असलेली 44 वर्षांची व्यक्ती एप्रिलमध्ये यार्डांत 44 चीच असते; त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 50 मीटरच्या तलावात ती 45 ची धरली जाते. वैयक्तिक गट पाच-पाच वर्षांचे असल्याने त्यातही ती एक पायरी वर जाते. रिले जुळवणाऱ्याच्या वहीत म्हणून प्रत्येकाचं वय लिहून उपयोग नाही, जन्मतारीख लागते.

सहावी पायरी: कुणाला कुठे पोहवायचं

फ्रीस्टाइल रिलेत फार डोकं लागत नाही. वैयक्तिक वेळांची बेरीज करा. पहिला सोडून बाकी तिघांना उडत्या सुरामुळे (भोंग्याची वाट न पाहता, येणाऱ्याकडे बघून मारलेल्या) साधारण अर्धा-पाऊण सेकंद मिळतो. ज्याचा सूर भोंग्यावर उत्तम त्याला पहिला ठेवा, ज्याला शेजारच्या लेनमधल्याला पाहून चेव येतो त्याला शेवटी. पहिल्याची वेळ वैयक्तिक वेळ म्हणून धरली जाऊ शकते, कारण त्याने भोंग्यावर सूर मारलेला असतो. एखाद्याला 50 ची चांगली वेळ नोंदवायची असेल तर ही जागा त्याला द्या, पण अर्ज-कागदाचं काय लागतं ते शर्यतीआधी टेबलावर विचारून घ्या.

मेडलीचा क्रम बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लाय, फ्रीस्टाइल असा ठरलेला आहे. इथली नेहमीची चूक म्हणजे जो ज्यात सर्वांत वेगवान त्याला तेच देणं. समजा पहिल्याच्या वेळा बटरफ्लाय 30 आणि ब्रेस्टस्ट्रोक 36 सेकंद. दुसऱ्याच्या 31 आणि 42. बटरफ्लायमध्ये पहिला सरस आहे, म्हणून त्याला बटरफ्लाय दिलं तर 30 आणि 42, एकूण 72. उलट केलं तर 36 आणि 31, एकूण 67. पाच सेकंद नुसत्या मांडणीने वाचले. चौघांच्या चारही स्ट्रोकच्या वेळांचा तक्ता करून सगळ्या जोड्या घालून पाहाव्यात. मिक्स्डमध्ये दोन पुरुष आणि दोन स्त्रिया कोणत्याही जागी चालतात, त्यामुळे जोड्या वाढतात आणि मजाही.

बटरफ्लायला कुणी नाहीच? मास्टर्समध्ये बटरफ्लायच्या हातांबरोबर ब्रेस्टस्ट्रोकचे पाय मारायला परवानगी आहे. हाताच्या एका फेऱ्याला एकदा. डॉल्फिन किक न जमणाऱ्या साठीच्या माणसाला यामुळे बटरफ्लायची जागा घेता येते. शेवट मात्र दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लावून.

एका रिलेत एकाला एकदाच पोहता येतं, आणि एकाच प्रकारच्या रिलेत दोन वयोगटांतून उतरता येत नाही. म्हणून तुमच्या सर्वांत वेगवान माणसाला कोणत्या गटात खर्च करायचं, हे ठरवावं लागतं.

सातवी पायरी: कार्ड

रिले-कार्ड हा हाताएवढा कागद असतो. काही ठिकाणी आता फोनवरचा फॉर्म असतो. त्यावर क्लबची अक्षरं, रिलेचा प्रकार, वयोगट, आणि चौघांची पूर्ण नावं व वयं, पोहण्याच्या क्रमाने. क्रम महत्त्वाचा. कार्डावर लिहिलेल्या क्रमापेक्षा वेगळ्या क्रमाने पोहलं की बाद. ब्लॉकमागे उभं राहून ‘अगं, तू आधी जातेस का, माझा चष्मा धुरकटलाय’ हे चालत नाही.

कार्ड देण्याची वेळ ठरलेली असते, बहुतेकदा शर्यतीच्या बरीच आधी. ती सकाळी आल्या आल्या विचारा. एक राखीव माणूस सांगून ठेवा, आणि तो तलावाच्या आवारातच हवा, गाडीत झोपलेला नको. फक्त रिलेसाठी येणाऱ्यानेही स्पर्धेत नाव नोंदवलेलं आणि हमीपत्रावर सही केलेली असली पाहिजे. हे विसरल्याने पुष्कळ रिले मोडतात.

आठवी पायरी: टेकओव्हर

नियम एका वाक्याचा आहे: येणाऱ्याचा हात भिंतीला लागायच्या आधी जाणाऱ्याचे पाय ब्लॉकवरून सुटता कामा नयेत. शरीर पुढे झुकलेलं चालतं, हात फिरलेले चालतात, पण पायाचं बोट टेकलेलं हवं.

सराव असा करा. ब्लॉकवर उभे राहा, दोन्ही हात लांब करून येणाऱ्याच्या डोक्याकडे रोखा आणि डोक्याबरोबर हात खाली आणत राहा. तळावरची काळी रेघ भिंतीच्या अलीकडे आडव्या पट्टीने संपते. मीटरच्या तलावात ती पट्टी भिंतीपासून 2 मीटरवर असते. डोकं त्या पट्टीवर आलं की हात मागून फिरवायला सुरुवात. मग येणारा शेवटचा हात टाकतो, तुमचे हात वर येतात, तो टेकतो, तुम्ही सुटता. येणाऱ्याला एकच सूचना: शेवटच्या पाच मीटरांत श्वास घ्यायला मान वळवू नकोस आणि भिंतीकडे तरंगत येऊ नकोस. जाणाऱ्याचा अंदाज चुकतो तो बहुतेक वेळा येणारा शेवटी मंदावल्याने. बॅकस्ट्रोकवाला येताना डोकं दिसतं पण हात कुठे आहे ते कळत नाही, आणि ब्रेस्टस्ट्रोकवाला लांब ग्लाइड घेतो. म्हणून प्रत्येक जोडीने आपापसात किमान सहा-सात वेळा करून पाहावं. चौघांनी मिळून एकदा करणं पुरत नाही.

ब्लॉकची भीती वाटत असेल तर काठावरून सूर मारा किंवा पाण्यातून भिंतीला रेटून निघा. मास्टर्समध्ये दोन्ही चालतं. पाण्यातून निघणाऱ्याने जोडीदाराचा हात लागेपर्यंत भिंत सोडायची नाही, आणि त्याच्या वाटेतून बाजूला राहायचं.

पोहून झालेल्याने काय करायचं? लेनच्या दोरीला चिकटून, टचपॅडपासून (भिंतीवरच्या वेळ नोंदणाऱ्या पाटीपासून) दूर राहायचं आणि जमेल तसं बाहेर यायचं. पोहणारे सगळे पोचायच्या आत कुणी आनंदाने पाण्यात उडी मारली तर रिले बाद. विजयाच्या भरात हे होतं, आणि शेवटच्या लेनमधली रिले अजून पोहत असते हे कुणाच्या लक्षात येत नाही.

भारतात येणं-जाणं असेल तर

जागतिक मास्टर्स स्पर्धा 1986 मध्ये टोकियोत सुरू झाली. 2025 ची सिंगापूरला झाली. तिथे वय 25 पासून पुढे, म्हणून रिलेचे गट 100 पासून सुरू होतात. तिथेही रिलेतले चौघं एकाच क्लबचे लागतात, आणि एका माणसाला एकाच क्लबचं प्रतिनिधित्व करता येतं. नियम क्लबचा आहे, पासपोर्टचा नाही. भारतीय पासपोर्ट असलेली व्यक्ती आपल्या अमेरिकन क्लबच्या रिलेत पोहू शकते. पण सहा महिने पुण्यात आणि सहा महिने न्यू जर्सीत राहणाऱ्याने दोन्हीकडे नाव नोंदवून दोन्हीकडच्या मित्रांना ‘येतो तुमच्या रिलेत’ असा शब्द देऊ नये. प्रवेशिका भरण्याआधी एक क्लब ठरवा आणि दुसऱ्याला त्याच दिवशी फोन करून कळवा, म्हणजे त्यांना चौथा शोधायला वेळ मिळेल.